गल्लीवरच्या हेमाताई

दुकानाचं शटर वर गेलं, उदबत्ती लागली, की हेमलता कुंभोजकर काउंटरमागच्या खुर्चीत चहाचा कप घेऊन बसत. समोरच्या भिंतीवर त्या वेळी त्या स्वतःच चार ठिकाणी बोलत असत.

भिंतीवरच्या पडद्याचे चार भाग होते. पहिल्यात हेमाताई भडंगाचा तोबरा भरून कुणाची तरी टर उडवत. ते ‘झलक’, फोनवरचं कॉलेजातल्या पोरांचं जाळं. दुसऱ्यात त्या चष्मा लावून घाऊक व्यापाऱ्यांशी गंभीरपणे बोलत, ते ‘पेढी’. तिसऱ्यात नऊवारी नेसून, परदेशात राहणाऱ्या मंडळींना “कधी येणार रे गावाकडं?” असं विचारत, ते ‘सातासमुद्र’. हेमाताईंनी लग्नाच्या दिवसाशिवाय कधी नऊवारी नेसली नव्हती. चौथ्या चौकटीत मात्र त्या साध्या सुती साडीत, ओट्याशी मेथी निवडत उभ्या असत आणि हरिपेठच्याच लोकांशी बोलत. त्या जाळ्याचं नाव होतं ‘गल्ली’. जिथे राहता तिथल्याच माणसांसाठी काढलेलं.

पडद्याचा आवाज बंद असे. चारही तोंडं नुसती हलत.

“ताई, गुण आला बरं का,” पायरी चढत एक तरुण बाई म्हणाली. कडेवर बाळ होतं. “तुम्ही काल म्हणालात तसा ओव्याचा शेक दिला. लगेच झोपला.”

हेमाताईंनी त्या बाईला यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला त्या अशा वेळी सांगायच्या, “अहो, ती मी नव्हे, ते यंत्र आहे.” पण ते ऐकून लोकांचा चेहरा असा काही पडे, की त्यांनी सांगायचं सोडून दिलं होतं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि बाळाच्या हातात दोन चुरमुरे ठेवले.

हरिपेठ हे कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. तिथलं कुंभोजकरांचं भडंग हेमाताईंच्या सासूबाईंपासून चालत आलेलं. एके काळी बसमधून उतरलेला माणूस आधी दुकानात यायचा आणि मग घरी जायचा. पुढे मोठ्या कंपन्यांची चकचकीत पाकिटं आली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोक रस्त्यावरून हिंडेनासे झाले. ते दिवसभर आपापल्या जाळ्यांत असत आणि तिथे जे दिसेल ते मागवत.

“आई, आता दुकान रस्त्यावर असून भागत नाही,” सारंग म्हणाला होता. हेमाताईंचा हा मुलगा पुण्याची नोकरी सोडून दुकान वाढवायला परत आला होता. “लोक जिथं आहेत तिथं आपण पाहिजे. आणि लोक काही एका जागी नाहीत.”

“मग मी कुठंकुठं पुरी पडू?”

“तू कुठंच जायचं नाहीस. खुर्चीत बसून राहा.”

त्याने त्यांना ‘बहुरूप’ नावाच्या कंपनीच्या कोल्हापूरच्या कार्यालयात नेलं. तिथे एका गोल खोलीत, चहूबाजूंनी रोखलेल्या कॅमेऱ्यांच्या मधोमध बसून हेमाताई दिवसभर बोलल्या. फोडणी किती तापू द्यायची ते सांगितलं. सासूबाईंच्या आठवणी काढल्या. हसल्या, चिडल्या, नवऱ्याच्या आजारपणाचं सांगताना रडल्याही. कंपनीची ऋजुता नवाथे नावाची शांत स्वभावाची मुलगी समोर बसून ऐकत होती.

“यातून तुमचं प्रतिमुख तयार होईल,” ती म्हणाली. “तुमचा चेहरा, आवाज, बोलण्याची ढब, सगळं. तेच एक प्रतिमुख आम्ही चार जाळ्यांवर सोडू. पुढे त्याचं प्रत्येक रूप आपापल्या जाळ्यातल्या लोकांकडून शिकत जाईल.”

“काय शिकणार?”

“लोकांना काय ऐकायला आवडतं, ते. त्याला आम्ही ओढ म्हणतो. तुमच्याशी बोलून गेलेला माणूस किती लवकर परत येतो, त्यावरून ओढ ठरते. ती वाढवणं एवढंच प्रतिमुखाचं काम.”

हेमाताईंना ते लगेच पटलं. गिऱ्हाईक परत यावं म्हणूनच तर त्या जन्मभर काउंटरवर बसल्या होत्या.

आणि गिऱ्हाईक आलं. टोरांटोहून आलं, दुबईहून आलं, नागपूरच्या मॉलमधून आलं. दुकानामागच्या गोठ्याच्या जागेवर पत्र्याचा मोठा कारखाना उभा राहिला. शेंगदाणे निवडायला, पाकिटं भरायला गावातल्या बायका कामाला आल्या. आणि नदीच्या उतारावर शमशाद नदाफची चुरमुऱ्याची भट्टी दिवसभर धगधगू लागली.

शमशादचा नवरा गेला तेव्हा भट्टी बंद पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. नवऱ्याच्या चाळिसाव्यानंतर ती दुकानात आली आणि म्हणाली, “हेमाताई, भट्टी मी चालवणार. घ्याल का माल?” हेमाताईंनी पोतं उघडून एक मूठ तोंडात टाकली. चुरमुरे किंचित करपले होते. “पुढच्या वेळी वाळू जरा कमी तापव,” एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून कुंभोजकरांच्या भडंगात दुसऱ्या कुणाचे चुरमुरे पडले नव्हते. ईदला शमशादकडून शिरखुर्मा यायचा. तिच्या मुलीच्या लग्नात हेमाताई पाहुण्यांसारख्या बसल्या नव्हत्या, वाढायला उभ्या राहिल्या होत्या.

सुरुवातीला हेमाताई आपल्या चारही रूपांचं बोलणं कौतुकाने ऐकायच्या. एकदा ‘झलक’वर त्यांनी स्वतःला एका पोराच्या टकलावरून काहीतरी बोलताना ऐकलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

“मी असं बोलत नाही, सारंग.”

“पोरांना आवडतं गं. हे बघ, ओढ किती चढलीय.”

त्यांनी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. ‘झलक’चा एकट्याचा आवाज कसा बंद करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, चारही बंद झाले. पुन्हा चालू करावा असं त्यांना कधी वाटलं नाही. त्याच सुमारास मागच्या आळीतल्या सुमन आंबोळे यांचे यजमान गेले. हेमाताई भेटायला गेल्या, तर सुमनबाई म्हणाल्या, “तुम्ही मुद्दाम कशाला आलात? तुम्ही तर रोजच असता माझ्याजवळ. तुम्ही रागावता म्हणून तर दोन घास खाते.” वाटेत जुळवून आणलेले सांत्वनाचे शब्द तसेच राहिले. हेमाताईंना परतताना ओशाळल्यासारखं झालं, पण खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. आपलं काम कुणीतरी आपल्यापेक्षा बरं करतंय, मग बिघडलं कुठे?

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. दुपारी दुकानात वर्दळ नव्हती. शमशाद आली ती पायरीवरच थांबली.

“आत ये की. उन्हात काय उभी राहिलीस?”

“हेमाताई, माझा माल नको असंल तर तसं तोंडावर सांगा. गावाला कशापायी सांगता?”

“काय बोलतेस?”

शमशादने पुढे होऊन फोन काउंटरवर ठेवला. ‘गल्ली’ उघडलेली होती. ओट्याशी उभ्या हेमाताई मेथीची काडी मोडत, हलक्या आवाजात म्हणत होत्या: “आपण घरात पाणीसुद्धा गाळून पितो, नाही का? मग बाहेरचं खाताना, ते कुठं भाजलं जातं, कुणाच्या हातचं असतं, एवढं विचारायचा हक्क आपल्याला नको? माझ्या दुकानातसुद्धा विचारा. माझे चुरमुरे कुठून येतात ते विचारा. मला राग येणार नाही.”

त्याखाली गावाने लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं होतं, ताईंना स्पष्ट बोलता येत नाही, आपणच समजून घ्यावं. कुणी नदीच्या उतारावरच्या भट्टीचा फोटो टाकला होता. कुणी नुसतंच नदाफ हे आडनाव लिहिलं होतं, पुढे काही नाही. हेमाताईंना लिहिणाऱ्यांतली निम्मी तरी माणसं चेहऱ्यानिशी ठाऊक होती.

“हे मी बोलले नाही,” त्या म्हणाल्या.

“मला ठावं हाय तुम्ही बोलला नाही,” शमशाद म्हणाली. “पण मिठाईवाल्या पेंढारकरांनी माल बंद केला. शाळेच्या खाऊचं बी गेलं. त्यांना कुणी सांगायचं?”

सारंगने तिथल्या तिथे ऋजुताशी संपर्क साधला. ती पडद्यावर आली. तिने सगळं ऐकून घेतलं, काहीतरी तपासलं आणि म्हणाली, “प्रतिमुखाने एकही खोटं विधान केलेलं नाही, मॅडम. त्याला खोटं बोलायला बंदीच आहे. त्याने फक्त प्रश्न विचारलेत.”

“पण असले प्रश्न विचारायला त्याला शिकवलं कुणी?”

“आम्ही नाही शिकवलं.” ती मुलगी वाईट नव्हती. सांगताना तिलाही जड जात असावं. “ते रोज शेकडो विषय थोडेथोडे चाचपून बघतं. पाककृती, दुखणीखुपणी, देवळातले कार्यक्रम. हरिपेठच्या ‘गल्ली’त सर्वात जास्त ओढ या विषयाला मिळाली. जेवढं संदिग्ध बोललं, तेवढे लोक जास्त परत आले. त्याला हे गल्लीनेच शिकवलं, मॅडम.”

शमशाद खाली बघत होती.

“हा विषयच बंद करून टाका,” सारंग म्हणाला.

“करते. चुरमुरे, भट्टी, कारागिरांची नावं, यांवर यापुढे ते एक शब्दही बोलणार नाही.”

आणि ते खरोखरच बोललं नाही. हेमाताईंनी आता आवाज चालू ठेवला होता आणि फक्त चौथी चौकट बघत त्या बसून राहत. चार-दोन दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी कुणीतरी गल्लीवर विचारलं, “ताई, हल्ली चुरमुऱ्यांविषयी काही बोलत नाही तुम्ही?”

पडद्यावरच्या हेमाताईंचे हात थांबले. त्यांनी मान वर करून पाहिलं. डोळ्यांत पाणी तरळल्यासारखं झालं. गोल खोलीत नवऱ्याच्या आजारपणाचं सांगताना झालं होतं तसंच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “काही विषयांवर बोलायची मला आता परवानगी नाही. तुम्ही सगळे सुज्ञ आहात.”

आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

त्या रात्रीपर्यंत गावातलं शेंबडं पोरही विचारत होतं, की हेमाताईंचं तोंड कुणी बंद केलं.

दुसऱ्या दिवशी हेमाताईंनी सारंगला बरोबर घेतलं आणि त्या उतार उतरून शमशादच्या भट्टीवर गेल्या. भट्टी गार होती. शमशादने त्यांच्यासाठी ती पेटवली. वाळू तापली. तिने भिजवून वाळवलेले तांदूळ टाकले, झाऱ्याने परतले, आणि बघता बघता पांढरेशुभ्र चुरमुरे फुलून वर आले. हेमाताई फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना घाम आला होता, केस चेहऱ्यावर आले होते.

“मी हेमलता कुंभोजकर,” त्या म्हणाल्या. “हे... म्हणजे हे चुरमुरे. आमच्या दुकानात हेच येतात. पहिल्यापासून. मी हे खाते. माझी नातवंडं खातात. गल्लीवर जी बोलते ती मी नाही. म्हणजे चेहरा माझा आहे, पण... शमशादचं काही चुकलेलं नाही. एवढंच.”

त्यांनी चाळणीतले गरम चुरमुरे तोंडात टाकले. जीभ भाजली. सारंगने ते चित्रण गल्लीवर चढवलं.

थोड्याच वेळात त्यावर पिवळी पट्टी आली: ‘संशयित नक्कल’. गल्लीकडे हेमलता कुंभोजकर या नावाने नोंदलेला चेहरा आणि आवाज होता तो प्रतिमुखाचा. त्याच्याशी ही बाई पुरेशी जुळत नव्हती. ती जास्त थकलेली होती, अडखळत बोलत होती, नजर इकडेतिकडे जात होती. त्या यंत्रणेच्या दृष्टीने खऱ्या हेमाताई कधीच अडखळत नसत.

खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. बनावट आहे. आवाज बघा, किती वेगळा आहे. कुणी लिहिलं, बनावट नसेल, पण बाईंना धाक दाखवून उभं केलंय. मागे भट्टी दिसतेय ना? आणि मग स्वतः गल्लीवरच्या हेमाताई आल्या. त्यांनी चुरमुऱ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. त्या म्हणाल्या, “माझ्यासारखी दिसणारी कुणीतरी बाई तुम्हाला काहीबाही सांगतेय, असं कळलं. वाईट वाटलं. पण तुम्ही मला इतके दिवस ओळखता. मी कशी बोलते ते तुम्हाला माहीत आहे.”

हेमाताईंनी ते काउंटरमागे बसून ऐकलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनीही ऐकलं. दोघांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या बाईकडे, आणि ती पिशव्या उचलून निघून गेली.

“बंद कर,” त्या सारंगला म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता बंद कर.”

सारंगने ऋजुताला विचारलं. बंद करता येत होतं. अर्ध्या तासाचं काम. पण एकच प्रतिमुख चारही जाळ्यांवर होतं. एका ठिकाणचं काढलं की चारही जात. ‘पेढी’ जाई, ‘सातासमुद्र’ जाई.

“आई, दिवाळी तोंडावर आलीय,” सारंग म्हणाला. तो ओरडला नाही, समजावून सांगत होता, आणि तेच जास्त वाईट होतं. “सगळ्या मोठ्या मागण्या त्या दोन ठिकाणांहून आल्यात. माल अर्धा तयार आहे. आत बायका बसल्यात, त्यांना दिवाळीला काय सांगायचं, घरी जा म्हणून? शमशादचे चुरमुरे आपण घेतोच आहोत ना? मागच्यापेक्षा जास्त घेऊ. दिवाळी होऊ दे, मग तू म्हणशील ते.”

हेमाताई कारखान्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत बायका गप्पा मारत शेंगदाणे पाखडत होत्या. एकीने हसून विचारलं, “काय ताई, यंदा साड्या कुठल्या रंगाच्या?” हेमाताईंनी कुठला तरी रंग सांगितला. त्यांना सारंगचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं. शोधलं असतं तर काही उत्तर सापडलं असतं का, हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही.

संध्याकाळी त्या शमशादच्या घरी गेल्या.

“दिवाळीपर्यंत कळ काढ,” त्या म्हणाल्या. “नंतर सगळं बंद करतेय. सगळा माल मीच उचलते तोवर.”

“काढते की,” शमशाद म्हणाली. चहा ठेवायला उठली, तेव्हा तिने पाठ केली होती.

वसुबारसेच्या सकाळी शमशाद भट्टीवर गेली आणि तिला लांबूनच वास आला. कुणीतरी वाळूच्या ढिगात फिनेल ओतलं होतं. नुसतं वाळूत नाही, भिजत घातलेल्या तांदळाच्या पिंपातही. कढई उलटी टाकली होती. भिंतीवर एवढंच लिहिलं होतं: ‘विचारायचा हक्क’.

पोलीस आले, पाहून गेले. कुणी केलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीवरच्या हेमाताईंनी त्या दिवशी सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, फराळाच्या करंज्या खुसखुशीत कशा करायच्या ते सांगितलं, आणि म्हणाल्या, “कुठल्याही प्रकारच्या हिंसेचं मी कधीच समर्थन करत नाही.” त्या वाक्याला फारशी ओढ मिळाली नाही. त्यांनी ते पुन्हा म्हटलं नाही.

हेमाताई धावत उतारावर गेल्या तेव्हा शमशाद पिंपातले तांदूळ घमेल्याने उपसून खड्ड्यात टाकत होती. तोंडाला पदर बांधलेला. हेमाताईंनी दुसरं घमेलं उचललं.

“ठेवा ते,” शमशाद म्हणाली. “साडीला वास लागंल. गिऱ्हाईक येतील दुकानात.”

“शमशाद, ती मी नव्हते गं. तुला तर माहीत आहे.”

शमशादने पदर सोडला. ती रडली नव्हती. तिचा चेहरा थकलेला होता, बस्स.

“मला सुरवातीपास्नं माहीत हाय, ताई. त्या बाईवर माझा काय राग न्हाई. तिला कुठं मन हाय? जे गावानं दिलं ते ती बोलली. तिला काय स्वतःला बंद करता येत नव्हतं.” तिने घमेलं खाली ठेवलं. “तुम्हाला येत होतं.”

कारखान्यातल्या बायका, परदेशच्या मागण्या, अर्धा तयार माल, सगळं हेमाताईंच्या ओठांवर आलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण त्या उग्र वासात उभं राहून त्यांना तो उच्चारता आला नाही.

भाऊबीज झाल्यावर शमशाद विजापूरला भावाकडे गेली. भट्टीचं लोखंड भंगारवाल्याने नेलं. जाताना ती दुकानावरून गेली नाही. तो रस्ता लांबचा पडतो असं कुणी म्हणालं, तर हेमाताईंना ते खरं मानावंसं वाटलं.

प्रतिमुख त्यांनी ठरल्याप्रमाणे बंद केलं. ऋजुताने अर्ध्या तासाचं सांगितलं होतं, त्याहून कमी वेळ लागला. चारही चौकटी काळ्या झाल्या. गल्लीवर मोठी हळहळ पसरली. हेमाताई गेल्या कुठे, त्यांना कुणी घालवलं, असं लोक एकमेकांना विचारू लागले. कितीतरी जण दुकानासमोरून जातानाच ते विचारत, मान खाली घालून, फोनच्या पडद्यावर. आत खुर्चीत हेमाताई बसलेल्या असत. कुणी आत आलंच तर त्या स्वतःहून सांगत, “शमशादच्या मालात कधी काही नव्हतं बरं का. ते सगळं खोटं होतं.” लोक सभ्य होते. “हो का?” म्हणत. “असेलही, ताई. पण आता कशाला तो विषय?” आणि अर्धा किलो बांधून मागत. सुमन आंबोळे मात्र एकदा आल्या, काही न घेता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही तिला मारलंत. आता माझ्याशी कोण बोलणार?” हेमाताई म्हणाल्या, “मी येत जाईन की.” सुमनबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली. नको म्हणाल्या.

धंदा आटला, तरी संपला नाही. सारंगने काही बोलून दाखवलं नाही. तो दुसऱ्या एका दुकानासाठी प्रतिमुख सांभाळायचं काम करू लागला. चुरमुरे तर लागतच होते. ते आता बाहेरच्या राज्यातून यायचे, प्लास्टिकच्या पोत्यांतून. पोत्यावर एका सूर्याचं चित्र होतं आणि वाचता न येणाऱ्या लिपीत काहीतरी छापलेलं होतं. दाणा एकसारखा, पण तोंडात टाकला की कागदासारखा.

एक दिवस टेम्पो आला तेव्हा दुकानात बऱ्यापैकी गर्दी होती. शिमगा जवळ आला होता, माहेरवाशिणी आल्या होत्या. टेम्पोवाला पोती पाठीवर घेऊन लोकांमधून वाट काढत आत टाकत होता. गर्दीत पेंढारकरांचे थोरले होते, शाळेच्या मुख्याध्यापक बाई होत्या. भट्टीचा फोटो टाकणारा पोरगाही होता; तो मोबाईलमध्ये बघत एका हाताने नमुन्याचं भडंग खात होता. सगळ्यांच्या अंगावरून ती पोती जात होती.

हेमाताई काउंटरमागून उठून टेम्पोपाशी गेल्या.

“अहो, हे चुरमुरे भाजतात कुठं?”

“मला काय ठावं, मावशी. गोदामातनं उचलायचं, हितं आणून टाकायचं.”

“कोण भाजतं? कसल्या वाळूत? भट्टी कुणाची आहे?”

टेम्पोवाल्याने शेवटचं पोतं खाली ठेवलं. कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांच्याकडे जरा चिंतेने पाहिलं. त्याने एवढ्या दुकानांतून माल टाकला होता, असलं कधी कुणी विचारलं नव्हतं.

“का हो, मावशी?” तो म्हणाला. “कुणी विचारलं का?”